भाकीत, होरा, कौल, अंदाज : पुढचं सांगणाऱ्या शब्दांच्या मागे काय आहे?

कोडोलीची लेक (धागाकर्ती)

मी मुद्रितशोधक आहे. गेली एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक मथळा माझ्यापुढे आला : 'यंदा सरासरीइतका पाऊस; हवामान खात्याचे भाकीत'. मी 'भाकीत' खोडून 'अंदाज' केलं. उपसंपादक नवीन होता, चौकस मुलगा. त्याने विचारलं, "ताई, दोन्हीचा अर्थ एकच ना?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग फरक काय?" आणि मला तो सांगता आला नाही. हाताला माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

माझं माहेर पट्टणकोडोली, तालुका हातकणंगले. दरवर्षी ऑक्टोबरात आमच्याकडे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा, खोबरं, लोकर यांची एवढी उधळण होते की घरी आल्यावर केसांतला पिवळा रंग दोन धुण्यांत जात नाही. हेडाम (तलवार घेऊन करायचा नाच) खेळून झालं की फरांडेबाबा, म्हणजे ज्यांच्या तोंडून देव बोलतो ते, भाकणूक सांगतात : पाऊस कसा, पेरा कधी, धारण काय (म्हणजे धान्याचा भाव), रोगराई, राजकारण. माणसं श्वास रोखून ऐकतात. माझे वडील कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने दोनच ओळी लिहायचे, पाऊस आणि धारण, आणि ते पान वर्षभर कणगीच्या वरच्या खुंटीला लटकत असायचं.

माझी आजी कधीच 'बाबांनी सांगितलं' म्हणायची नाही. 'बाबानं भाकलं' म्हणायची. आता 'भाकणे' हे क्रियापद आपण कुठे वापरतो? 'करुणा भाकणे' एवढ्यातच ते उरलं आहे. पण त्याचं नाम 'भाक' जिवंत आहे. भाक देणे, भाक घेणे, भाक मोडणे. भाक म्हणजे वचन. मुळात 'भाषा'. 'ष'चा 'ख' होऊन हिंदीत 'भाखा' झालं, आपल्याकडे 'भाक'. गुजरातीत तर 'भाखवुं' म्हणजे थेट भविष्य सांगणे.

मग मला असं दिसलं की भाकीत म्हणजे नुसतं पुढचं सांगणं नाही. तो दिलेला शब्द आहे. त्यामागे कुणीतरी उभं असतं. आमच्या यात्रेत तो देव असतो, बाबांच्या तोंडून देव भाक देतो. हवामान खातं भाक देत नाही, म्हणून तिथे 'भाकीत' मला खटकलं असणार.

हे बरोबर आहे का? आणि तुमच्या भागात पुढचं सांगण्यासाठी कोणते शब्द आहेत? कोशातले नकोत, घरात ऐकलेले सांगा.

---

माणदेशी

ताई, तुमच्याकडची भाकणूक आमच्याकडे 'होईक'. बोलताना 'व्हईक' असंच येतं. धनगरवाड्यावर देव अंगात आला की व्हईक निघते. 'सांगितली' असं कोणी म्हणत नाही, 'निघाली' म्हणतात, जणू जमिनीतून झरा निघावा तशी. म्हाताऱ्या माणसांना दहा-दहा वर्षांपूर्वीची होईक पाठ असते. कुठल्या साली कुठल्या नक्षत्राने दगा दिला आणि व्हईक काय होती, हे दोन्ही एका दमात सांगतात.

---

अर्धमात्रा

संस्कृत शिकवतो, म्हणून दोन गोष्टी.

माणदेशी यांचा 'होईक' हा 'भविष्य'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत 'भवति', प्राकृतात 'होइ', मराठीत 'होणे'. 'भविष्य' म्हणजे 'जे होणार आहे ते', आणि होईकचंही मूळ 'होणे'च. एक शब्द पंचांगाच्या पोथीतून आला, दुसरा मेंढरांमागून. 'भविष्य' हा शब्द आपण दोन कामांना लावतो, हेही बघा. पुढचा काळ म्हणजे भविष्य, आणि त्याबद्दल सांगितलेलं तेही भविष्य. 'पोराचं भविष्य चांगलं आहे' आणि 'रविवारच्या पेपरात भविष्य वाचलं'. काळ आणि सांगणं यांत भेदच ठेवलेला नाही.

'भवितव्य' मात्र वेगळं. 'कर्तव्य' म्हणजे जे करायलाच हवं ते, तसं 'भवितव्य' म्हणजे जे व्हायलाच हवं ते. तव्य-प्रत्ययात बंधन आहे. 'महाविद्यालयाचे भवितव्य अधांतरी' असं लिहिताना आपण हे विसरतो. जे व्हायलाच हवं ते अधांतरी कसं असेल?

लेखनाचं : 'भाकीत' दीर्घच. 'गणित', 'लिखित' हे तत्सम शब्द असल्यामुळे त्यांचा 'णि', 'खि' ऱ्हस्व राहतो. 'भाकीत' मराठीत घडलेला शब्द, म्हणून अकारान्ताआधीचा इकार दीर्घ. पण सामान्यरूपात 'भाकिताचा', 'भाकिते', जसं गरीब-गरिबाला.

---

कोडोलीची लेक

सर, तव्य-प्रत्ययाचं वाचून उठून उभी राहिले. हे मी शंभर मथळ्यांत जाऊ दिलं आहे.

'होरा' वर काही सांगाल का? 'माझा होरा असा आहे' हे आम्ही नेहमी छापतो.

---

अर्धमात्रा

होरा हा माझा आवडता शब्द, त्यामुळे जरा लांबेल.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहज्जातक या आपल्या ज्योतिषग्रंथाच्या आरंभीच होऱ्याची व्युत्पत्ती दिली आहे. काहींच्या मते 'अहोरात्र' या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की 'होरा' उरतो, असं तो म्हणतो. अ-होरा-त्र. ऐकायला सुरेख आहे. पण खरं मूळ ग्रीक 'होरा', म्हणजे ऋतू, वेळ, तास. इंग्रजी 'अवर' त्याच घरचा, आणि 'हॉरोस्कोप'मधला 'हॉरो' तोच. फलज्योतिषातले किती शब्द असे आले : द्रेष्काण, आपोक्लिम, पणफर, जामित्र. आणि 'केंद्र'. जिल्हा परिषदेचं आरोग्य केंद्र म्हणतो तेव्हा आपण ग्रीक 'केंत्रोन' उच्चारत असतो. वराहमिहिराने हे ऋण लपवलेलं नाही. यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात, असं बृहत्संहितेत तो स्पष्ट लिहितो. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा मोकळेपणा मला फार मोठा वाटतो.

होरा आपल्या आयुष्यात रोज आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. वारांचा क्रम असा का? रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आकाशात तर ग्रह या क्रमाने नाहीत. जुन्या समजुतीप्रमाणे पृथ्वीपासून सर्वांत दूरचा आधी घेतला तर क्रम येतो शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. आता दिवसाचे २४ होरे करा आणि एकेक होरा या क्रमाने वाटत जा. शनिवारी पहिला होरा शनीचा. सातांच्या तीन फेऱ्या झाल्या की २१ होरे संपले. २२वा पुन्हा शनीचा, २३वा गुरूचा, २४वा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा कोणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रविवारपासून तसंच मोजा, सोमवार येईल. वर्गात मी फळ्यावर न लिहिता बोटांवर मोजून घेतो, आणि सोमवार आला की मुलांच्या तोंडून आवाज निघतो. त्या आवाजासाठी मी दरवर्षी हे शिकवतो.

शं. बा. दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. या सगळ्याची चिकित्सा करणारा इतका मोठा ग्रंथ आधी आपल्या भाषेत झाला, हे आपण विसरू नये.

---

रानवारा

बुलडाण्याहून. आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. पेपरवाले दरवर्षी 'भेंडवळचे भाकीत' लिहितात, पण गावात तिला 'घटमांडणी' म्हणतात, किंवा नुसती 'मांडणी'. मी तीन वेळा गेलो आहे, वडिलांसोबत दोनदा आणि एकदा एकटा.

अक्षय तृतीयेला संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातले लोक घट मांडतात. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्यं ठेवतात : ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी, अंबाडी, तीळ, जवस, करडी आणि बाकीची. मधोमध खड्डा. त्यात मातीची चार ढेकळं, एकेक ढेकूळ पावसाच्या एकेका महिन्याचं. त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजी, वडा. विड्याचं पान म्हणजे राजा. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. सकाळी सूर्य उगवायच्या वेळी येऊन बघायचं : कुठलं धान्य जागेवरून हललं, कुठलं ढेकूळ ओलं झालं, पान कसं आहे.

मला तिथला एक शब्द लक्षात राहिला. निरीक्षण करणारा माणूस 'मूग मोघम, तूर तेजीत, सरकी साधारण' असं बोलत जातो. मोघम म्हणजे नक्की काही सांगता येत नाही. आणि हजारभर शेतकरी तो 'मोघम' हा शब्दही मान हलवून घेतात. मला त्याचं फार वाटलं. नक्की सांगता येत नाही असं सांगणाऱ्यावरही त्यांचा विश्वास असतो.

वडील मांडणी बघून आले तरी पेरणी मात्र बोटाने ओल बघून करायचे. चार बोटं ओल गेली का, एवढंच. त्याला आमच्याकडे शब्द नाही, 'ओल बघणं' इतकंच.

---

ढगांचा हिशेब

माझं काम हवामानाच्या आकडेवारीचं आहे, म्हणून या धाग्यावर न लिहून राहवेना.

आधी 'अंदाज'. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे टाकणे, फेकणे. त्याचं अंग 'अंदाज'. तीर टाकणारा तो तीरंदाज. तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. पुढे क्रिकेटात चेंडू टाकणाऱ्याला आपण तेच नाव दिलं. बरकंदाजमधला 'बर्क' म्हणजे वीज. त्याच फारसी कुळात 'अंदाजा' म्हणजे माप, आणि अरबीत त्यावरून भूमितीला 'हंदसा' आणि अभियंत्याला 'मुहंदिस' म्हणतात. म्हणजे अंदाजाच्या पोटात फेकणं आणि मोजणं दोन्ही आहे. डोळ्यांनी अंतर जोखायचं आणि हात सोडायचा.

कोडोलीच्या ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. हवामान खातं भाक देत नाही, हे खरं. पण अंदाजामागे कोणी उभं नसतं असा जो सूर त्यांच्या लेखात आहे, तो मला पटला नाही. हवामान विभाग १८७५ साली सुरू झाला. हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा पहिला हंगामी अंदाज ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली दिला. विभागाचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. इतक्या वर्षांत अंदाज अनेकदा चुकले, आणि प्रत्येक चूक नोंदवून ठेवली गेली. आम्ही 'यंदा सरासरीच्या इतके टक्के' म्हणतो तेव्हा पुढे 'कमी-अधिक पाच टक्के' असंही म्हणतो. ९६ ते १०४ टक्के पडला तर तो सरासरीइतका. सरासरी म्हणजे चार महिन्यांत देशभरात ८७ सेंटिमीटर, ही १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली. आपण किती चुकू शकतो हे आधीच सांगून ठेवणं, हीसुद्धा एक भाक आहे असं मला वाटतं.

बातम्यांत ते 'कमी-अधिक पाच टक्के' जागेअभावी गाळतात. मग अंदाजाचं भाकीत होतं. मुद्रितशोधकांना हात जोडून विनंती, ते गाळू देऊ नका.

---

कोडोलीची लेक

दादा, मान्य. 'कोणी उभं नसतं' हा माझा सूर चुकलाच. आणि ती विनंती माझ्या टेबलावर चिकटवून ठेवली आहे.

---

तळकोकणी

आमच्याकडे भाकीत नाही, भविष्य नाही. आमच्याकडे 'कौल'. (घरावरच्या कौलाशी याचा संबंध नाही, तो शब्द निराळा.)

विहीर कुठे खणायची, मुलीचं स्थळ घ्यावं का, भावाभावांत जमीन वाटायची तर कधी, सगळ्याला कौल. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, ठरलेल्या जागांवर. मग गाऱ्हाणं घालतो, "देवा म्हाराजा…" अशी सुरुवात करून, आपलं नाव-गाव आणि अडचण सगळी सांगून. मग वाट बघायची. देवळात पंखा बंद करतात, पोरांना गप्प करतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. 'देवान उजवो दिल्यान' एवढ्यावर घराघरांचे निर्णय झाले आहेत. माझ्या आईचं लग्न उजव्या कौलावर ठरलं. पाकळी पडायला पाऊण तास लागला होता म्हणे, आणि आजोबा तेवढा वेळ एका पायावर उभे होते.

'कौल' अरबी. 'कौल' म्हणजे बोल, वचन. कव्वाली त्याच शब्दातून. शिवकाळ-पेशवाईच्या कागदांत 'कौलनामा' येतो. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार सवलतीचं अभयवचन द्यायचं, तो कौल. म्हणजे सरकारने रयतेला दिलेला शब्द तो कौल, आणि देवाने दिलेला शब्द तोही कौल. आता निवडणुकीनंतर 'जनतेचा कौल' म्हणतो तेव्हा दिशा उलटली, रयत सरकारला कौल देते. मला हे फार आवडतं.

कौलाने भागलं नाही तर 'अवसर'. अवसर म्हणजे अंगात देव येऊन बोलणं. शेजारी गोव्यात त्याला 'भार' म्हणतात.

---

कोडोलीची लेक

अंगावर काटा आला. भाक आणि कौल! एक संस्कृतातून आलेला, एक अरबीतून. दोन्हींचा मूळ अर्थ बोल, दोन्हींचा पुढचा अर्थ वचन, आणि दोन्ही शेवटी देवाच्या तोंडी जाऊन पोचले. घाटावर आणि घाटाखाली माणसांनी वेगवेगळ्या भाषांतून शब्द उचलले आणि त्यांना एकाच वाटेने चालवलं. आणखी एक आठवलं : आमच्याकडे शपथ घेताना बेलभंडार उचलतात. भाकणुकीच्या दिवशी उधळतात तोच भंडारा.

---

जुना वाचक

थांबा, इतक्यात निकाल लावू नका. सगळेच शब्द बोलण्याचे नाहीत. रोजच्या बोलण्यात आपण 'बघतो'. पत्रिका बघणे, हात बघणे, मुहूर्त बघणे, दिवस बघणे. आमच्या आजोळी तर 'बघणाऱ्याकडे जाऊन आलो' म्हटलं की कुणाकडे ते सांगायला लागत नसे.

आणि शकुन. संस्कृतात 'शकुन' म्हणजे पक्षी. शकुंत म्हणजेही पक्षी. रानात पाखरांनी जिला सांभाळलं ती शकुंतला. पक्ष्याची दिशा, त्याचा आवाज, तो कुठे बसला हे बघून जे कळे ते शकुन, आणि हळूहळू पक्षी उडून गेला, अर्थ तेवढा मागे राहिला. जुने रोमन लोकही पक्षी बघूनच ठरवत, आणि इंग्रजीतल्या शुभसूचक 'ऑस्पिशस' शब्दात लॅटिन 'पक्षी' आणि 'पाहणे' हे दोन शब्द आहेत.

आपल्याकडे पक्षी पूर्ण उडालेला नाही मात्र. 'पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे', ज्ञानदेवांच्या या ओळीत काऊ आणि शकुन शेजारी शेजारी बसले आहेत. आणि दारावर कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे आपण अजून म्हणतो. लहानपणी आमच्या गल्लीत पहाटे अंधारात पिंगळा यायचा, हातात कंदील आणि कुडमुडं. पिंगळा म्हणजे खरं तर ते छोटं घुबड; त्याची भाषा याला कळते, म्हणून या माणसालाही पिंगळाच म्हणायचं. सांगणाऱ्याला पाखराचंच नाव. मी पांघरुणातून आवाज ऐकायचो, आई सुपातून दाणे घेऊन दार उघडायची, आणि गार हवा आत यायची. चाळीस वर्षांत पुन्हा तो आवाज ऐकला नाही.

---

अर्धमात्रा

काका, बघण्याची आठवण करून दिलीत हे बरं झालं. तरी पाहा, ज्ञानदेवांच्या ओळीतही काऊ शकुन 'सांगतो' आहे.

---

सिद्धेश्वराची सून

सोलापुरात तर भाकणूक ना बोलून होते ना बघून, ती वासरू करतं! संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम झाल्यावर रात्री मानाचं वासरू आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्यं, गूळ, गाजर असं मांडतात. ज्याला तोंड लावेल ते महागणार. बुजलं तर आपत्ती, शांत राहिलं तर वर्ष शांत. त्यावर हिरेहब्बू मानकरी अर्थ सांगतात. आमच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी पेपर यायच्या आत विचारतात, "वासरानं काय खाल्लं?" आणि त्यालाही शब्द 'भाकणूक'च. ज्या वासराला बोलता येत नाही त्याचीही भाकणूक, म्हणजे ताईंचं म्हणणं खरंच असावं.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे मराठी शाळेत शिकवते. मुलांनी विचारलं, लक, फेट, डेस्टिनी यांना मराठीत काय म्हणायचं, तेव्हा मी फळ्यावर शब्द लिहीत गेले आणि मलाच नवल वाटलं.

भाग्य : 'भाग'वरून. म्हणजे वाटा. नशीब : अरबी 'नसीब', म्हणजेही वाटा, हिस्सा. किस्मत : अरबीच, वाटणीच्या धातूवरून. ग्रीक लोकांची दैवाची देवता 'मोइरा', तिचाही अर्थ वाटा. आणि आपण साध्या मराठीत काय म्हणतो? 'माझ्या वाट्याला आलं.' एवढ्या सगळ्या लोकांना एकच चित्र दिसलं : एक मोठी भाकरी आहे, कोणीतरी ती मोडतंय, आणि आपल्या ताटात एक तुकडा पडतो.

दुसरा गट मागे बघणारा. प्राक्तन म्हणजे पूर्वीचं. संचित म्हणजे साठवलेलं. प्रारब्ध म्हणजे आधीच सुरू झालेलं. पुढच्यासाठी वापरतो, पण तिन्ही शब्दांचं तोंड मागे आहे.

आणि तिसरा गट लिहिण्याचा : विधिलिखित, ललाटीचा लेख. माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई इथे आल्या होत्या. सहाव्या रात्री त्यांनी पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाईसाठी. सटवी म्हणजे षष्ठी, हे मला नंतर कळलं. पाटा इथे कुठला? ग्रॅनाइटचा एक तुकडा शोधून काढला. सकाळी कागद कोराच होता, पण सासूबाईंनी तो घडी घालून मुलीच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. अजून तिथेच आहे.

---

तर्कनिष्ठ

व्युत्पत्ती छान, पण या सगळ्याला शास्त्र समजू नये म्हणून लिहितो. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं अशा दोनशे जणांच्या कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

---

कोडोलीची लेक

तर्कनिष्ठ, ही चाचणी सर्वांनी वाचावी अशीच आहे, आणि मी स्वतः पत्रिका बघत नाही. पण इथे शब्दांपुरतं बोलू. खऱ्या-खोट्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. तुम्ही अजाणता एक शब्द दिलात मात्र : 'बरोबर निघाली'. त्यावरून काल रात्रभर एकच विचार चालला होता.

जुने अंक काढून बसले. दहा वर्षांतल्या आमच्या पानांत हे शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतात ते बघत गेले. अंदाज 'चुकतो'. होरा 'चुकतो'. आडाखा 'चुकतो', कधी 'फसतो'. आडाखे आणि अटकळी 'बांधतात'. ठोकताळा 'जुळतो', आणि ते स्वाभाविकच. गणितात उत्तर पडताळून बघणं म्हणजे 'ताळा', तोच हा. शकुन 'होतो'. कौल 'मिळतो', 'लागतो'. आणि भाकीत? भाकीत खरं ठरतं किंवा खोटं ठरतं. 'भाकीत चुकलं' मला मोजून तीन ठिकाणी सापडलं, 'खरं ठरलं', 'खोटं ठरलं' पानोपानी.

नेम चुकतो. शब्द खोटा ठरतो. अंदाज हे फेकणं आहे हे ढगांचा हिशेब यांनी सांगितलं. फारसीचं व्याकरण माहीत नसलेले आमचे वार्ताहरही त्याला 'चुकणे'च लावतात.

दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा वडिलांना विचारलं होतं, आबा, भाकणूक चुकली तर काय म्हणायचं? ते अंगणात शेंगा सोलत होते. हात थांबवून म्हणाले, "चुकली म्हणू नये. फळली न्हाई म्हणावं." मग परत शेंगा सोलायला लागले.

'फळणे' हे क्रियापद आमच्या पानांत एकदाही आलेलं नाही.

---

माणदेशी

ताई, आमच्यातही व्हईक 'फळते'च. दुसरा शब्द ऐकलेला नाही.

---

ढगांचा हिशेब

आबांना नमस्कार सांगा. आमच्या शेतकरी मेळाव्यात एकाने मागे विचारलं होतं, "साहेब, तुमचा अंदाज औंदा फळंल का?" सगळे हसले होते. आज कळलं, तो शब्द कुठून आला.

---

रानवारा

आमच्याकडे मांडणी 'उतरते'. पावसासारखी. औंदा मांडणी उतरली, असं म्हणतात. आधी लिहायचं राहिलं.

---

कोडोलीची लेक

चुकतो, ठरतं, फळते, उतरते. वहीत चारही लिहून घेतलं. त्या उपसंपादकाला उद्या हा धागा पाठवते. खानदेश आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडचं अजून कोणी आलेलं नाही; तिकडे पुढचं सांगण्याला घरात काय म्हणतात, आणि ते खरं झालं की कोणतं क्रियापद लावतात, तेवढं नक्की लिहा.